पहिल्या प्रश्नापुढची खूण

ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे कोर्टात खटला ऐकून निकाल द्यायला सामान्य नागरिकांना बोलावणारं पत्र इथे नागरिक नसलेल्यांनाही येतं. ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून नावं उचलतात, आणि लायसन्स आपल्या सगळ्यांकडे असतं. घाबरायचं कारण नाही. सोबतच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का. तिथे 'नाही'वर खूण करायची, खाली सही करायची, पाकीट पोस्टात टाकायचं. बाकीचे रकाने कोरे सोडायचे. ओळखीत कुणाला पत्र आलं की मी फोनवर हेच सांगते. आमच्या घरी मात्र या पाच मिनिटांच्या कामाला चार दिवस लागले, कारण पत्र आलं तेव्हा मी ऑफिसात होते आणि सासरे घरी.

सासरे नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. छत्तीस वर्षं तहसील कचेरीत कारकून. सगळ्या नातेवाइकांचे फॉर्म त्यांनीच भरलेले, रेशन कार्डापासून माझ्या नवऱ्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशापर्यंत. नोव्हाय या गावातल्या आमच्या घरात त्यांना करायला काही नव्हतं. दुपारी रस्त्याकडेच्या पेटीतून टपाल आणायचं, एवढं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आपलं पत्र पाठवायचं असेल तर पेटीत ठेवून तिचा लाल दांडा उभा करायचा, म्हणजे पोस्टमन घेऊन जातो, हे त्यांना फार आवडलं होतं.

त्या संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "तुझं एक कोर्टाचं काम आलं होतं. करून टाकलं."

मी कप खाली ठेवला. त्यांनी डायरी आणली. कचेरीतली सवय म्हणून ते घरातल्या टपालाचीही आवक-जावक लिहीत. जावकच्या पानावर माझ्या फॉर्मची सगळी उत्तरं सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती. पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, होय.

"बाबा, मी इथली नागरिक नाही."

"ते मला माहीत आहे. पण 'नाही' म्हटलं की पुढचे सगळे रकाने कोरे राहतात. कोरा रकाना दिसला की साहेब कागद परत पाठवतो."

"आणि सही?"

"केली ना. सहीशिवाय कागद जातो का?"

मी बाहेर धावले. पेटीचा दांडा खाली होता. पोस्टमन येऊन गेला होता.

आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज बारा वर्षं रांगेत आहे. नोकरी, घर, मुलीची शाळा, सगळं त्या रांगेवर टांगलेलं. नागरिक नसताना नागरिक आहे असं सरकारला लिहून दिलं तर रांगेतून कायमचं बाहेर, हे इथे व्हिसावर राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. फॉर्मच्या तळाशी तर शपथच असते. नवरा कंपनीच्या कामाने टेक्सासला होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, आधी आपल्या इमिग्रेशनच्या वकीलबाईंना विचार. वकीलबाईंनी एवढंच सांगितलं की उद्याच कोर्टात जा, कागद कॉम्प्युटरवर चढायच्या आत गाठ, आणि काहीही झालं तरी खोटं बोलू नकोस. ही चूक माफ होईल का, असं मी विचारलं. ही बहुतेक होत नाही, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गेले. पट्टा, घड्याळ काढून तपासणीतून आत जायचं, तळमजल्यावर ज्युरीचा मोठा हॉल, शेवटी काचेची खिडकी. हॉलमध्ये शंभरेक माणसं बसलेली आणि जवळजवळ प्रत्येकाला घरी जायचं होतं. कुणाची पाठ दुखत होती, कुणाचं कुत्रं आजारी होतं. त्या सगळ्यांना तिथे बसण्याचा हक्क होता आणि तो नको होता. मला नसलेला हक्क माझ्या नावावर लागला होता.

खिडकीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. फॉर्म आलेला नव्हता. नवा भरून देते म्हटलं तर म्हणाल्या, एकाच माणसाचे दोन उलटसुलट फॉर्म आले तर तो विषय साहेबांकडे जाईल. आधी पहिला येऊ दे. टपाल अकरा वाजता येतं.

दुसऱ्या दिवशीच्या खेपेलाही फॉर्म आला नाही. गाडीत बसून मी डोक्यात घराची आवराआवर करून टाकली. काय विकायचं, काय पाठवायचं, मुलीला कोणत्या शाळेत घालायचं. तिला मराठी वाचता येत नाही, यावर येऊन अडकले. मी रडणाऱ्यांतली नाही, पण त्या दिवशी गाडी सुरू करायला मला वेळ लागला. घरी सासऱ्यांशी मी तीन दिवस जेवणापुरतंच बोलत होते. ते टपालाला हात लावत नव्हते.

तिसऱ्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डायरी काखेत धरून ते दाराशी उभे. येतो म्हणाले. या, पण तिथे तोंड उघडू नका, असं मी सांगितलं. सासऱ्यांशी असं मी कधीच बोलले नव्हते.

अकरा वीसला बाईंनी ट्रेमधून आमचं पाकीट काढलं, उघडलं आणि फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मग काचेला टेकवून धरला.

"ही सही तुमची आहे?"

मी वाकून पाहिलं. सही सासऱ्यांची होती, त्यांच्या स्वतःच्या नावाची, लफ्फेदार. तिच्या आधी देवनागरीत एक शब्द होता. करिता.

"हे काय लिहिलंय?" बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं.

मागून आवाज आला, हळू आणि स्पष्ट इंग्रजीत. "फॉर. फॉर हर. मी हिच्यासाठी सही केली. साहेब रजेवर असले की आम्ही असंच करतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, ज्युररची सहीच नाही, मग हे तुमचं निवेदनच नाही. हा मी घेऊ शकत नाही. त्यांनी फॉर्मवर आडवी रेघ मारली, 'अग्राह्य'चा शिक्का मारला आणि कोरा फॉर्म सरकवला. मी 'नाही'वर खूण केली, सही केली, तारीख घातली. शेजारी सासरे त्या रिकाम्या रकान्यांकडे बघत होते. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि परत आला.

मी त्यांना सही केली का एवढंच विचारलं होतं. कुणाची, ते विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तीन दिवस थोडे सोपे गेले असते, इतकंच.

कारण प्रकरण तिथे संपलं असं नाही. रद्द झालेला फॉर्मही फाइलमध्ये राहतो, असं बाईंनी सांगितलं. इथे काही फेकत नाहीत. त्याची शिक्का मारलेली प्रत मी मागून घेतली. वकीलबाई म्हणाल्या, जपून ठेव, मुलाखतीत विचारलं तर दाखव. मुलाखत कधी, ते कुणालाच माहीत नाही. इमिग्रेशनचं पाकीट आलं की अजूनही ते उघडायच्या आधी मी खुर्चीत बसते.

घरी येताना सासऱ्यांनी डायरी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "उद्यापासून टपाल आणू ना?"

"आणा," मी म्हटलं. "उघडू नका."

त्यांनी डायरी उघडून जावकच्या नोंदीवर रेघ मारली आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलं, रद्द. खाली सही केली. या वेळी नुसती.