म्हशीची पेंड आणि मालकांचे मासे

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षी माझ्या मालकांनी विहिरीखालच्या तळ्यात मासे सोडले आणि आमची म्हैस आटायला लागली. शेंगदाण्याची पेंड म्हशीच्या टोपल्यातून निघून तळ्यात जात होती.

"आता मासेच पिळा," म्हणत एका सकाळी मी रिकामी चरवी त्यांच्यापुढं आदळली.

पुढं परभणीला लग्नाला गेलो, तर मालक मांडवातून उठून मासे खात्याच्या साहेबांना भेटून आले. एसटीत बसल्यावर मला सांगायला लागले. पेंडीत एकदोन सत्त्वं कमी असतात. तेवढ्यासाठी माशाला ढीगभर पेंड घालावी लागते आणि बाकीची वाया जाऊन पाणी नासतं. ती सत्त्वंच भुकटीनं दिली तर निम्मी पेंड पुरते.

"म्हंजी पुरणाला गूळ कमी, अन् आपण डाळच शिजवायलोत?"

"आस्संच!" मला त्यांच्या माशांतलं काही कळलं, याचाच त्यांना लय आनंद. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून आणलेल्या लायसिन आणि मेथिओनिन या सत्त्वांच्या पुड्या मांडीवर घेऊन बसले. मेथिओनिनला नासक्या कोबीचा वास येतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गंगाखेड यायच्या आतच लोक एकमेकांकडं बघायला लागले. एका बाईनं लेकराचं दुपटं हुंगून पाहिलं. शेजारच्या म्हातारीनं मालकांच्या हातावर ओवा ठेवला.

"चावून खा, बाबा. लग्नातलं जेवण बाधतंय."

"आजी, ही माशांची भुकटी हाय."

"माशांना बी झालंय का?" म्हातारीनं आणखी चिमूटभर ओवा दिला.

कंडक्टर हुंगतच आला. "काका, पिशवी टपावर टाका."

"वाऱ्यानं उडंल की."

"मग तुमी बी टपावर बसा."

शेवटी पालमपर्यंत मालक पिशवी खिडकीबाहेर धरून आले. मी दुसरीकडं तोंड करून बसले.

घरी पेंड निम्म्यावर आणली, कोंडा वाढवला आणि माझ्याच परातीत ती भुकटी कालवली. म्हशीला तिचा वाटा मिळाला, दूध वाढलं. पण थोरले दीर म्हणायचे, "अर्ध्या पेंडीवर सुकटच निघंल."

उन्हाळ्यात जाळं ओढलं. दीर वाकून बघायला गेले, तर एका दांडग्या रोहूनं शेपटीची अशी सणसणीत दिली, की त्यांची टोपी पाण्यात. मालकांनी ती अदबीनं काढून, पिळून त्यांच्या हातात दिली. घरी आल्यावर मात्र दार लावून पोट धरून हसले.