झोळीची गाठ

माझी चुलती, सापगावची धोंडूबाई, देवावरसुद्धा डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. धसईच्या बाजारात बियाणं घेताना दाणा दाताखाली फोडून बघायची आणि विकणाऱ्याचं तोंडही निरखायची. अशा बाईला, दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या हिवाळ्यात, मी दर आठवड्याला बैलगाडीतून शहापूरला डॉक्टर माणगावकरांकडे नेत होतो. ते वेड्यांच्या इस्पितळातली नोकरी सोडून आले होते आणि नुसत्या बोलण्यानं माणसं बरी करतात, अशी बोलवा होती. मला ते थोतांडच वाटायचं.

दुखणं काकीच्या सुनेचं, गिरजाचं. भाताच्या झोडणीच्या दिवसांत तिचा रांगता मुलगा खळ्यावर फुरसं चावून गेला. झाडाला बांधलेल्या झोळीची गाठ सुटली, पोर खाली पडलं आणि पेंढ्याकडे रांगत गेलं, असं काकीनं सगळ्यांना सांगितलं. गाठ बांधली होती गिरजानं. तेव्हापासून तिची वाचा बसली आणि हातांना चाळा लागला. बैलाचं दावं, विहिरीचा दोर, शेजारणीची मोळी, दिसेल ती गाठ पुन्हा आवळायची. भगत म्हणाला, ही गाठी मारून गावाला बांधतेय. होळीला तो भुताळीचं, म्हणजे चेटूक करणाऱ्या बाईचं, नाव घेणार होता. ते कुणाचं असणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि नाव घेतलेल्या बाईला गाव राहू देत नसे.

डॉक्टरांवर काकीचा पहिल्या दिवसापासून संशय. नाडी धरत नाही, बाटली देत नाही, मग या माणसाला हवंय काय? सुनेला डांबून ठेवायला हा काहीतरी निमित्त शोधतोय, अशी तिची खात्री. त्यांच्या घरचं पाणीही तिनं गिरजाला पिऊ दिलं नाही. दार उघडं ठेवायला लावलं, म्हणून ओटीवर मला सगळं ऐकू येई. सासूसमोर सुनेनं परक्या पुरुषाशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि गिरजाची तर वाचाच बसलेली. त्यामुळे डॉक्टर विचारायचे गिरजाला आणि उत्तर द्यायची काकी. झोप लागते का, भूक लागते का, सगळं काकीच सांगे. हा माणूस तिला बाहेर का बसवत नाही, तेच मला कळेना. त्याचा तो शांतपणा मला खटकायचा.

होळी तोंडावर आली तेव्हा डॉक्टरांनी त्या दिवसाचं विचारलं. झोळी हिनंच बांधली, असं काकीनं नेहमीसारखं ठणकावून सांगितलं.

"आणि तुम्ही कुठे होतात?"

काकीचा आवाज पहिल्यांदाच उतरला. म्हणाली, "रडत व्हता, मीच खाली घेतला. जवळ निजवला नि माझाच डोळा लागला."

"गाठ?" हा आवाज गिरजाचा होता.

"घट्ट व्हती गो. मागनं, पोर गेल्यावर, मीच सोडली. सुटता सुटत नव्हती."

गिरजा ओक्साबोक्शी रडली. मला काकीचा इतका राग आला, की तिला गाडीत घेऊच नये असं वाटलं. पण परतताना तिनं मला भगताच्या अंगणात गाडी थांबवायला लावली आणि चार माणसांदेखत तेच पुन्हा सांगितलं. होळीला भगतानं कुणाचंच नाव घेतलं नाही. मात्र त्यानंतर काकी दिसली की बाया आपली पोरं उचलून घ्यायच्या.

गिरजाचा चाळा हळूहळू कमी झाला. तिचं डॉक्टरांकडे जाणं पुढेही चालू राहिलं, फक्त आता काकी माझ्याजवळ ओटीवर बसायची आणि दार बंद असायचं.

पुढे गिरजाला मुलगी झाली. लावणीला जाताना तिनं बांधावरच्या आंब्याला झोळी बांधली, गाठ एकदाच ओढून पाहिली आणि झोका द्यायची दोरी काकीपुढे धरली. काकीनं हात मागे घेतला.

"भरवसा हाय तुझा माझ्यावर?"

"नाय," गिरजा म्हणाली. "पन धरा."