पाटीवरची केळीची पानं

आमच्या आबांचं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचं, जगाच्या राजकारणावर बारीक लक्ष असतं. चोपड्याजवळच्या आमच्या गावात सकाळचा चहा आणि लढाईच्या बातम्या ते एकदमच घेतात. आखातात भडका उडाला तेव्हा कुणीच माघार घेऊ नये, असं त्यांचं ठाम मत होतं. मग कळलं, की आपल्या केळीचे कंटेनर त्याच समुद्रातून जातात. त्या दिवसापासून आबा शांततावादी झाले.

बाग कापणीला आली होती. तह होईपर्यंत केळी थांबत नाही. घड झाडावरच पिकला की तो कुणी घेत नाही. निर्यातवाल्याने फोन उचलणं सोडलं. नशीब, रमजान तोंडावर आला होता आणि रोजा सोडायला धुळ्या-मालेगावाकडे केळी लागणारच होती. आबांनी आपल्या जुन्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. हा माणूस मुसलमान. त्याच्या वडिलांपासून आमच्या बागेतला पहिला घड त्यांच्याच हातून उतरतो. आबा नारळ फोडतात, मग तो कोयता लावतो. त्याच्या हाताला यश आहे, असं आमच्या घरात सगळेच मानतात.

ट्रक आला तो वेशीवरच थांबला. तिथे पाटी होती: परधर्मीय व्यापाऱ्यांना गावात बंदी. ठराव मांडला होता शेजारच्या नानांनी आणि पाटी रंगवली होती आबांनी, कारण गावात अक्षर त्यांचंच चांगलं. आमची केळी अरबांच्या ताटात जात होती तेव्हा त्यांचा धर्म कुणी विचारला नव्हता.

आबा लगबगीने वेशीवर गेले, मी मागोमाग. ती पाटी तुझ्यासाठी नाही, बाहेरच्यांसाठी आहे, असं ते हसत हसत सांगू लागले. व्यापारी गाडीतून उतरला नाही.

"अक्षर तुमनं शे, आबा," तो म्हणाला. "गावमझार कसा येऊ?"

पाटी काढायची तर गावाची बैठक बसवायला हवी, आणि बैठकीत आधी तोंड कुणी उघडायचं? बागा तर सगळ्यांच्याच पिकायला आलेल्या. शेवटी आबांनी केळीची रुंद पानं आणून सुतळीने पाटीवर बांधली. गावाने पाहिलं आणि सोयीस्करपणे पाहिलं नाही. व्यापारी आत आला, नारळ फुटला, पहिला घड उतरला. कापणी संपेपर्यंत आबा रोज सकाळी पानं बदलत राहिले. मला हसू यायचं आणि चीडही.

आमचा शेवटचा ट्रक निघाला त्या दुपारी पानं उन्हाने आकसली होती आणि त्यातून 'बंदी' एवढंच दिसत होतं. आबांच्या ते लक्षात आलं नाही, व्यापाऱ्याच्या आलं. तो खाली उतरला, बांधावरचं एक पान कापून त्याने स्वतःच पाटीवर धरलं.

"नानानी बाग कापानी बाकी शे आजून," तो म्हणाला.

आबांनी सुतळीचं दुसरं टोक धरलं.