घासून गेलेला नंबर

बंदुकीला शेंदूर लावू नका म्हणून माझ्या मालकांना, भगवानदादांना म्या तीस वर्षं सांगितलं. ते हसायचे. "शहादेव, तू तेल लाव, मी शेंदूर लावतो." आमच्या नेकनूरला खंडेनवमीला सगळेच हत्यारं पुजतात, हळदीकुंकवाचं बोट लावलं की झालं. दादांचं न्हाई. मारुतीला माखावं तसं घरच्या तिन्ही बंदुकांना माखायचे. त्यांच्या आजोबांच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीवर तर शेंदराचा बोटभर थर चढला होता.

दादा आषाढात गेले. एकुलती लेक रोहिणी कॅनडात. तेराव्यालाही आली न्हाई. त्याआधी आठ वर्षं आली नव्हती. दादांच्या बायकोचं, केशरवहिनींचं जेवण तुटलं.

मग रोहिणीचा फोन आला. दादांनी तिन्ही बंदुका तिच्या नावानं लिहून ठेवल्या होत्या. तिला आजोबांची तेवढी पाहिजे होती. लहानपणी दादांनी तिला त्याच बंदुकीनं बांधावरचा डबा उडवायला शिकवलं होतं. तिकडं तिनं परवाना काढला, बंदूक देशाबाहेर न्यायचे कागद केले. सह्यांना वारसानं स्वतः बीडला हजर राहायचं होतं, म्हणून दिवाळीचं तिकीटबी काढलं.

"बंदुकीसाठी का हुईना, येतीय ना माझी लेक," वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीच त्यांनी गाद्या उन्हात टाकल्या. रोहिणीला आवडतात म्हणून शेंगदाणे निवडायला बसल्या.

परवानावाला गेला की बंदुका लगेच जमा करायच्या असतात. ठाण्यातून दोनदा निरोप आला. पण वहिनी म्हणाल्या, दादांच्या नावानं शेवटची खंडेनवमी होऊ द्या. आमी ठेवल्या. चूकच केली.

पूजा झाल्यावर मला अक्कल सुचली. पोरगी परदेशात नेणार, अशी माखलेली कशी द्यायची? चिंच लावून बघितली, राख लावून बघितली. निघंना. मग पॉलिश पेपर घेऊन सकाळभर घासली. नळी लख्ख झाली. वहिनी चहा घेऊन आल्या, बंदूक बघून हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. मला लई भारी वाटलं, गाढवाला.

वहिनींना घेऊन बीडला बंदुका जमा करायला गेलो, तर बंदुकांच्या दुकानदारानं भिंग लावून नंबर बघितले. दोन बंदुकांचे कारखान्यात खोल ठोकलेले होते, ते सापडले. आजोबांच्या बंदुकीचा सापडंना. तो निजामाच्या काळात कुणीतरी वरवर कोरलेला, शेंदराखाली दडलेला. म्या शेंदराबरोबर तोबी काढला होता. 

दुकानदारानं ठाण्यात कळवलं, आणि बिननंबरी म्हणून बंदूक जप्त झाली. जमादारानं विचारलं, "कुणी घासली?"

म्या तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "मी. भांडी घासते तशी घासली."

चौकशी लागली. ती बंदूक आता देशाबाहेर काय, ठाण्याबाहेर निघायची न्हाई.

घरी येऊन वहिनींनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालूच असतो. बंदूक मीच घासली, असं त्यांनी रोहिणीलाबी सांगितलं.

"मग आई, आता मी येऊन काय करू?"

"अगं, दोन हायत की अजून. चांगल्या हायत. नंबर हायत त्यांच्यावर."

"त्या विकून टाक. त्याला मी कशाला लागते? पुढच्या वर्षी सुट्टी मिळाली तर बघते."

मला राहवलं न्हाई. "रोहिणी, म्या घासली ती बंदूक. आईनं न्हाई. मला काय बोलायचं ते बोल, पण त्यांना शिक्षा कावून देती?"

तिनं तोवर फोन ठेवला होता.

मला मेल्याहून मेल्यागत झालं. वहिनींनी माझ्याकडं बघितलंबी न्हाई. फोन पदरानं पुसला आणि हातात धरून बसल्या.

"शहादेव," त्या म्हणाल्या, "लहानपणी त्या दुसऱ्या दोन बंदुकांनी ती कधीच खेळली न्हाई का रे? नीट आठवून बघ."