गोदाबाईचा पाय

अमरावतीच्या कॅम्पात बांधकाम खात्याच्या एका गोऱ्या साहेबाचा बंगला होता. तिथं आमच्या आळीतली गोदाबाई सहा वर्षं स्वयंपाकाला होती. जातीनं माळी. नवरा मळ्यात साप चावून गेलेला, पदरी एकच मुलगी, वच्छला. भाजीची टोपली घेऊन ती बंगल्याबंगल्यांतून फिरायची. एक दिवस मेमसाहेबानं तिला टोपलीसकट आत बोलावलं आणि मदतीला ठेवूनच घेतलं.

मेमसाहेबाला तिच्या मुलखातलं एक पक्वान्न फार आठवायचं. मैद्याच्या पारीत आंबट सफरचंदं भरायची आणि भट्टीत भाजायची. तसली सफरचंदं इथं कुठली? तिनं पेरू घेतले. आम्ही त्यांना जांब म्हणतो. "गोदा, हात ठंडा रखो," असं ती सारखी बजावायची, कारण लोणी वितळलं की पारी चिवट होते. वर्षभरात गोदाबाईचा हात मेमसाहेबापेक्षा बरा बसला. पाहुणे आले की साहेब तिला बाहेर बोलावून त्यांना दाखवायचा. चारचौघांत कुणी आपल्याला शाबासकी देतं, हे त्या विधवा बाईला नवीनच होतं.

त्या पक्वान्नाचं इंग्रजी नाव होतं पाय.

सन एकतीस साली वच्छलाचं लग्न धामणगावच्या भगवंतरावांच्या मुलाशी झालं. भगवंतरावांची तिथं भाजीची आडत होती, जातीत वजन होतं. पुढं वर्षभरानं त्यांच्याकडच्या एका बारशाला गोदाबाई गेली. बायकांनी विचारलं, साहेबाच्या घरी काय काय करावं लागतं? ती हौसेनं बोलून गेली, "सारंच करा लागते. पन माह्या हातचा पाय मेमसाहेबले लय आवडते."

बायकांनी लगेच दुसरं बोलणं काढलं. गोदाबाईच्या ते ध्यानातही आलं नाही. पाय म्हटल्यावर त्यांना एकच ठाऊक, जनावराचा. आणि गोऱ्याच्या घरी जनावर कोणतं, हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही.

वच्छलाला सातवा महिना लागला तेव्हा गोदाबाईनं निरोप धाडला, पहिल्या बाळंतपणाला पोरीला न्यायला येते. उलट निरोप आला, सून त्या घरात पाऊल टाकणार नाही. कारण ऐकून ती आधी हसलीच. मग शेजारी बसलेल्या माझ्या आईला, तानुबाईला, म्हणाली, "करूनच दाखवतो त्यायले."

तिनं तो घरीच केला. लोणी आमच्या म्हशीचं, मैदा बाजारातला. पेरूच्या बिया काढून फोडी साखर, लिंबू आणि लवंगेसोबत शिजवल्या. भट्टी कुठून आणणार? परात चुलीवर ठेवली, वरून घमेलं पालथं घातलं आणि त्याच्यावर गोवऱ्यांचे निखारे रचले. पहिला करपला. दुसरा बरा उतरला. तो फडक्यात बांधून ती आणि माझी आई बडनेऱ्याला गाडी बदलून धामणगावला गेल्या.

व्याह्यांनी दोघींना ओट्यावरच बसवलं. गोदाबाईनं फडकं सोडलं आणि बोटांनी पारी मोडली.

"पाहा इवाई, आत जांब हायेत. मेमसाहेब यालेच पाय म्हनते. दुसरं काही नाही यात."

भगवंतराव वाकले. त्यांनी वास घेतला, एक फोड बोटानं उलटून पाहिली.

"जांबच हायेत," ते म्हणाले. "मले समजलं, बाई. पन गावात कोनाकोनाले हे फोडून दाखवू? माह्या दोन पोरी लग्नाच्या हायेत."

वच्छला दारात उभी होती. बंगल्यावर उरलेला तुकडा गोदाबाई पदराआड घरी आणायची. तो खातच ही पोर वाढली होती. गोदाबाई तिच्याकडं वळली. "वच्छे, तू तं खाल्लं हाय. सांग ना यायले."

वच्छलाच्या मागं सासू येऊन उभी राहिली होती.

"मी नाही खाल्लं," वच्छला म्हणाली. "मले नाही मालूम हे काय हाय."

परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर त्यांना तीन तास बसावं लागलं. माझ्या आईला भूक आवरेना, तिनं त्यातला तुकडा खाल्ला. फार चांगला झाला होता, ती मला सांगायची; पण गोदाबाईजवळ तसं म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

बंगल्याचं काम गोदाबाईनं त्याच महिन्यात सोडलं. त्यानं काही फरक पडला नाही. वच्छलाला मुलगा झाला, ते बाजारातल्या एका माणसाकडून कळलं. मागून दोन मुली झाल्या. नणंदांची लग्नं उरकली, आता तरी बोलावतील असं गोदाबाईला वाटलं. पण तोवर तिथं न बोलावण्याचीच सवय पडून गेली होती. ती भाजी विकत राहिली. दर दिवाळीला लेकीला लुगडं धाडायची. ते कधी परत आलं नाही, आणि मिळालं असा निरोपही आला नाही.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. वच्छला तिसऱ्या दिवशी आली. माझ्या आईनं तिला जवळ घेतलं. "तिचा राग नव्हता तुह्यावर. कधी एक शब्द बोलली नाही."

"बोलली असती तं बरं झालं असतं, मावशी," वच्छला म्हणाली.

तिनं घरातलं काहीच घेतलं नाही. लेकरं सासूजवळ ठेवून आली होती, म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.