पायवाल्याचं सॉफ्टवेअर

माणसाचा तुटलेला पाय हातात आला की हर्षद घरतला दुसरं काही विचारावं लागत नाही. बोटं फिरवतो, डोळे मिटतो आणि सांगतो, नकली पायाचा साचा इथे सैल हवा, तिथे घट्ट. त्यात कधी घुटमळत नाही. पण त्याच हर्षदला मिक्सर घ्यायला पाठवा. दुकानदार आधी सरबत देईल, मग चहा, मग शटर ओढायला लागेल, आणि हर्षद भांड्याच्या झाकणाचं रबर दाबून पाहत, "विचार करून सांगतो," असं म्हणत बाहेर पडेल. शिवानीला पाहायलाही तो तीनदा गेला होता. चौथ्या खेपेला तिनेच विचारलं, "तुमचं काही ठरतंय, की मीच सांगून टाकू?" म्हणून लग्न झालं. नाहीतर स्वारी अजून पोहेच खात बसली असती.

अलिबागला चेंढऱ्यात त्याचा दवाखाना आहे. पाटीवर 'घरत ऑर्थोटिक्स अँड प्रोस्थेटिक्स' असं लिहिलंय, पण ते आजवर एका रंगाऱ्यानेच काय ते पूर्ण वाचलं असेल. लोक म्हणतात, पायवाल्याचा दवाखाना. मागच्या खोलीत हर्षद, प्लास्टर आणि भिंतीला टेकून उभे असलेले अर्धवट पाय. पुढच्या खोलीत काउंटर, आणि काउंटरवर शिवानी. काउंटरवरची मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा "दोन महिने सांभाळते, तोवर बघ कोणीतरी," असं म्हणून ती बसली. बी.एस्सी. बी.एड. झालेली बाई. त्याला आता सात वर्षं होत आली. हर्षद अजून बघतोच आहे.

पेशंटसमोर ती त्याला 'अहो' म्हणते, घरात 'हर्षद', आणि डोकं फिरलं की 'घरत सर'. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "घरत सर, किहीमजवळच्या शाळेत जूनपासून विज्ञान शिक्षिकेची जागा निघतेय. मी अर्ज करणार आहे. तुम्ही दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर घ्या. अपॉइंटमेंट, बिलं, कुणाचा साचा कुठवर आलाय, सगळं त्यात बसतं. शेजारच्या मेडिकलमधली सुचिता अर्धा दिवस यायला तयार आहे. पण माझ्या डोक्यातलं आधी कुठेतरी उतरवायला हवं, नाहीतर ती बिचारी दुसऱ्या दिवशी पळेल."

हर्षद म्हणाला, "घेऊ की." आणि त्याला ते मनापासून वाटलंही. निदान त्या दिवशी तरी.

पहिलं सॉफ्टवेअर घेऊन आला पियूष. वाशीचा पोरगा, मांडव्याला बोटीतून उतरला तोच बोट लागून हिरवा पडून. लिंबूपाणी पिऊन लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "सर, एकदम ईझी आहे. पेशंट आला, नाव टाकलं, पायाचा फोटो टाकला, बस. बाकी सब ये करेगा." खरंच सोपं होतं. शिवानी मान डोलवत होती. हर्षदने सगळं पाहिलं, कौतुक केलं आणि म्हणाला, निळा रंग फार आहे, डोळ्यांना त्रास होईल.

दुसरी कंपनी आली. तिच्या फॉर्ममध्ये पेशंट किती हिंडतो-फिरतो ते निवडायचं होतं. घरात चालतो, बाहेर चालतो, खेळ खेळतो. हर्षदने नेमका किहीमच्या कोंडाजीचा विषय काढला. कोंडाजी आपला नकली पाय खाली काढून ठेवतो आणि नारळावर चढतो, हे तो कशात बसवायचा? कंपनीचा माणूस म्हणाला, त्यांना चढू नका म्हणून सांगा. "सांगून बघा तुम्ही," असं म्हणून हर्षदने ते सॉफ्टवेअर निकालात काढलं. तिसऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनवरची बाई त्याला रागीट वाटली. चौथी कंपनी उद्या बुडाली तर काय, असं त्याच्या मनात आलं. अमेरिकेतली होती ती. ती बुडेपर्यंत चेंढऱ्याचा दवाखाना टिकेल का, हा विचार काही त्याच्या मनात आला नाही.

मग त्याने हुकमाचं पान काढलं. आपले निम्मे पेशंट कोळीवाड्यातले. ती माणसं तारखेवर येत नाहीत, तिथीवर येतात. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते, होड्या समुद्रात आणि बायका मासळीच्या मागे. भांगाच्या दिवसांत पाणी मंद, जाळी वाळत पडलेली, तेव्हा सगळा कोळीवाडा दवाखान्यात. "तिथी दाखवणारं सॉफ्टवेअर असेल तर बोलू," असं त्याने पियूषला फोनवर सांगितलं आणि निवांत झाला.

पण पियूष पडला चिवट. महिन्याभराने पुन्हा हिरवा होऊन उतरला आणि लॅपटॉप उघडला. प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात तिथी. अष्टमीच्या आसपास भांग, पुनवेला आणि अवसेला उधाण, वेगळ्या रंगात. आणि निळा रंगसुद्धा गेलेला! शिवानीने टाळीच वाजवली. हर्षदने सगळा महिना वर-खाली सरकवून पाहिला. मग म्हणाला, "एकादशी जरा ठळक हवी होती."

"घरत सर," शिवानी म्हणाली, "ट्रायल घ्या. आजच्या आज."

एप्रिल संपत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवानीचा शाळेत इंटरव्ह्यू होता, समितीसमोर पाठ घेऊन दाखवायचा होता. तेव्हा हर्षदला नाही म्हणता येईना. पियूषने काउंटरच्या कॉम्प्युटरवरची सगळी माहिती सॉफ्टवेअरमध्ये ओतली, "सकाळपासून मेसेज आपोआप जातील सर," असं सांगितलं आणि शेवटची बोट पकडायला पळाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शिवानी पेशंटला नाव विचारायची, गाव विचारायची आणि मग मोबाइल नंबर. त्यावर कोळीवाड्यातलं प्रत्येक माणूस एकच उत्तर द्यायचं, "तुमचाच लिवा वैनी." कुणाचा फोन लेकाकडे, लेक होडीवर. कुणाला फोनवरचं वाचता येत नाही. आणि वैनीचा नंबर दिला की निरोप वैनीकडेच राहतो, मग हरवण्याचा प्रश्नच नाही. शिवानीही हसून स्वतःचा नंबर टाकायची आणि वेळ आली की कुणाच्या तरी हाती निरोप धाडायची. सात वर्षं हे बिनबोभाट चाललं.

सॉफ्टवेअर मात्र माणूस ओळखायचं मोबाइल नंबरावरून. सगळा कोळीवाडा एकाच नंबरावर पाहून त्याने सरळ हिशेब केला की हा सगळा मिळून एकच पेशंट आहे, आणि नंबर जिच्या नावावर, तेच त्याचं नाव, शिवानी घरत.

शाळेत शिवानी घर्षण शिकवत होती. मुलांना सुट्टी, म्हणून बाकांवर समितीच बसलेली. जमिनीत आणि पायात घर्षण नसतं तर आपल्याला चालताच आलं नसतं, असं सांगत तिने आपला मोबाइल वर्गातल्या मोठ्या पडद्याला जोडला आणि चित्र दाखवलं. तेवढ्यात चित्राच्या डोक्यावर ठळक अक्षरं उतरली. 'प्रिय शिवानी, आपला डावा पाय तयार आहे.' ती बोलत राहिली. 'प्रिय शिवानी, आपला डावा पाय तयार आहे.' समितीने एकमेकांकडे पाहिलं. 'प्रिय शिवानी, आपल्या उजव्या पायाचा पट्टा बदलून मिळेल.' अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि हळूच वाकून तिच्या टेबलाखालून पावलांकडे पाहिलं. 'प्रिय शिवानी, आपला हात मुंबईहून निघाला आहे.' तिथे एक गृहस्थ खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले ते आलेच नाहीत. शिवानीने पाठ पुरा केला, फळा पुसला आणि घरी आली.

तिने सगळं सांगितलं तेव्हा हर्षद इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तीही हसली. मग हसणं थांबलं आणि ती म्हणाली, "गेली रे बहुतेक ही नोकरी."

हर्षद "अरेरे" म्हणाला. जेवताना म्हणाला, कोलंबीचं कालवण झकास झालंय, आणि भात पुन्हा घेतला. मोरीवर हात धुताना स्वतःशीच शीळही घालत होता. आणि तिथेच, हाताला साबण तसाच असताना, त्याच्या ध्यानात आलं की आपण खूश आहोत. बायकोची नोकरी गेली म्हणून खूश आहोत. निळा रंग, रागीट बाई, एकादशी, सगळं त्याला एकदम दिसलं. त्याला स्वतःची फार लाज वाटली. नळ तसाच चालू राहिला.

पण शाळेचं गणित वेगळंच निघालं. दोन दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. स्वतःचे हातपाय एकेक करून पडद्यावर येत असताना जी बाई घर्षण सोडत नाही, ती आमची नववी सहज सांभाळेल, असं समितीचं मत पडलं होतं. शनिवारपर्यंत होकार हवा होता.

शिवानीने फोन ठेवला आणि त्याला विचारलं, "मी काउंटर सोडू शकते का? खरं सांग. इथे गोंधळ होणार असेल तर मी नाही म्हणते, पुढच्या वर्षी बघू." ती 'घरत सर' म्हणाली नाही, त्यामुळे हर्षदला जास्तच धडकी भरली. पुढचं वर्ष म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याने पियूषला फोन लावला. पियूष म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरमध्ये काही प्रॉब्लेम नाही. सबका नंबरच एक आहे. प्रत्येकाचा आपला आपला नंबर द्या, हो जाएगा." हर्षदने कॅलेंडर पाहिलं. अष्टमी होती. कोळीवाड्यात सगळे घरी असणार. त्याने स्कूटर काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा पेशंटच्या दारी गेला.

बायजा ओट्यावर सुकटीतला कचरा निवडत बसली होती. साखरेपायी तिचं एक पाऊल गेलं होतं, आणि हर्षदने करून दिलेल्या पावलावर ती बाजारात टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे असते. त्याला पाहून ती घाबरलीच.

"काय रं दादा, वैनीला काय झाला?"

"काही नाही मावशी. तुमचा फोन नंबर हवा होता."

"वैनीचा हाय ना लिवलेला."

"वैनी आता शाळेत शिकवायला जाणार. तुमच्या घरातला कुणाचा तरी द्या. पाय तयार झाला की मेसेज येईल."

"कोन धाडनार?"

"मशीन."

बायजाने सूप खाली ठेवलं. "मशीनला काय म्हाईत माजा पाय कवा दुखतो? वैनी कशी सांगते, मावशी, पाय झालाय, पन उद्या उधाण हाय, तू बाजारात असशील, परवा ये. आनि तू रं? तू का न्हाय सांगत?"

"मी?"

"व्हय, तूच. पाय करतंस झकास, पन तोंड कवा उघाडलंस? तुजा आवाज आमी आज आयकला. मना वाटला, दादा मुका हाय आनि वैनी त्याचा बोलना करते."

हर्षदने नुसती मान हलवली, आणि त्यातून बायजाचंच खरं झालं. मग तिनेच नातवाचा नंबर दिला, त्याचा हात धरून शेजारच्या घरी नेलं, आणि दारातूनच ओरडली, "ए, पायवाला बोलाला आलाय!" लोक जमले. कुणी चहा दिला, कुणी बोंबील बांधून दिले, एका आजोबांनी तर पाय काढून तिथेच त्याच्या मांडीवर ठेवला. दिवेलागणीपर्यंत सगळ्यांचे नंबर झाले. घसा बसला होता, इतकं तो बोलला.

शुक्रवारी दवाखाना बंद करायच्या वेळी तो मागच्या खोलीतून हात पुसत बाहेर आला.

"घेतलं," तो म्हणाला.

"काय?"

"सॉफ्टवेअर. पियूषचं."

"दिवाळीतलं? पहिलंच?" शिवानीने काउंटरवरून मान वर केली. "मग तेव्हाच का नाही घेतलंस? काय वाईट होतं त्यात?"

"काही नाही. ते घेतलं असतं तर तू गेली असतीस."

काउंटरवरचे कागद तिने एकाखाली एक सारखे केले, पुन्हा विस्कटले.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू तिथींचं काढलंस ना, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? तू बोलायचंस. म्हणाला असतास तरी मी थांबले नसते, हर्षद. पण सात वर्षांत एकदा तरी म्हणायचंस, की तुझ्यावाचून माझं इथे चालत नाही. बरं वाटलं असतं."

या वेळी हर्षदने विचार करून सांगतो असं म्हटलं नाही.

"नाही चालत," तो म्हणाला.

शिवानीने डोळे पुसले, हसली आणि खुर्चीवरून उठली. "बस इथे," ती म्हणाली. तो बसला. मग तिथेच उभं राहून तिने होकार कळवायला शाळेला फोन लावला.