मुठीच्या आतला नंबर

माझे वडील भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये बफिंग करायचे. तोट्या, कड्या, स्कूटरचे पार्ट, हातात येईल ते फिरत्या चाकावर धरायचं आणि आरशासारखं करून द्यायचं. घरी आले की त्यांच्या कानातूनसुद्धा काळी धूळ निघायची. रहाटणीत पत्र्याच्या एका खोलीत आम्ही तिघं. मी आठवीत असताना त्यांची ती नोकरी गेली, तीही एका रिव्हॉल्व्हरमुळे.

वर्कशॉपचे मालक मोशीचे जुने शेतकरी. त्यांच्या घरचं लायसनचं रिव्हॉल्व्हर खंडेनवमीला मशीनच्या पूजेत मांडायची पद्धत होती. त्या वर्षी मालकांनी ते बाबांकडे दिलं. "जरा पुसून ठेव रं." बाबांचं पुसणं म्हणजे चाक. त्यांनी गंज काढला, बफ मारला आणि झेंडूच्या फुलांत ते नव्यासारखं चमकायला लागलं. मग कुणीतरी उलटं करून पाहिलं, तर मुठीच्या बुडाचा नंबर गायब.

नंबर घासलेलं शस्त्र म्हणजे चोरीचा संशय. मालकांना पोलिसांकडे हेलपाटे पडले. "अडाण्याच्या हातात दिलं, माझंच चुकलं," ते सगळ्यांदेखत म्हणाले. बाबा त्यानंतर एका सोसायटीत वॉचमन झाले. पगार अर्ध्यावर आला, आईनं धुणीभांडी धरली. बाबा घरात कधी त्यावर बोलले नाहीत. फक्त माझ्या वहीवर सही करायची वेळ आली की म्हणायचे, "आईला सांग. अडाण्याची सही कशाला?"

मी बीएस्सी झाले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे मी लाजत सांगत नाही. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला, म्हणजे मालाच्या तपासणीला, लागले. पण निकाल बघायला आई नव्हती, आणि माझ्या पहिल्या पगारानंतर सहा महिन्यांत बाबाही गेले. आता मोशीत माझा फ्लॅट आहे. कुलूप मीच लावते, मीच उघडते.

मागच्या वर्षी मालकांचा फोन आला. लायसन मुलाच्या नावावर करायचं होतं. पोलीस म्हणत होते, नंबर दाखवा, नाहीतर शस्त्र जमा करा.

"तू तपासणीत हायेस म्हणं. तुझ्या बापानं घालवलं, आता तूच शोध."

"सापडला तर काय म्हणाल, मालक?"

"आधी सापडू तर दे."

आठवडाभर शिफ्टवरून आले की मी जुन्या रिव्हॉल्व्हरची चित्रं पाहत, वाचत बसायची. रविवारी मोजमापाचा व्हर्नियर आणि भिंग घेऊन मालकांच्या घरी गेले. मालक थकले होते, पण आवाज तोच. मी आधी गोळ्यांचं चक्र उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली.

"सत्तावन्नच्या बंडातलं हाय ते," मालक म्हणाले.

"नाही मालक. हे चक्र बाजूला बाहेर पडतं. तेव्हा अशी बनावटच नव्हती. आणि नळीखाली ही चक्राची दांडी अडकवायची खाच बघा, ती तर विसाव्या शतकातली. बत्तीस बोअर, अमेरिकन माल."

"तुला गं काय ठावं?"

"वाचलं. शिकलेय मी."

मी मुठीचा स्क्रू सोडवला. लाकडाच्या दोन फळ्या हातात आल्या. त्यांच्या कडा धारदार होत्या, कुठं करपल्या नव्हत्या, पॉलिशच्या काळ्या मेणाचा डागही नव्हता. म्हणजे चाकावर धरण्याआधी बाबांनी मूठ काढून बाजूला ठेवली होती, लाकूड जळू नये म्हणून. उजव्या फळीच्या आत आकडे ठोकलेले होते. तेच आकडे चक्राच्या मागच्या तोंडावर, जिथं बफचं चाक पोचतच नाही. बाबांना ते दिसलेही असतील. इंग्रजी आकडे त्यांना वाचता येत नव्हते, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. बाबांनंतर एवढ्या वर्षांत तो एक स्क्रू कुणी सोडवला नव्हता, की चक्राच्या मागं नीट पाहिलं नव्हतं.

मी लायसनचं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचलं. एकेक आकडा जुळला.

"मालक, अडाणी माणूस मूठ काढून ठेवत नाही."

त्यांनी फळी हातात घेऊन आकड्यांवरून अंगठा फिरवला. "व्हय," म्हणाले. मग, "च्या घेतीस का?"

चहा घेतला. घरी येऊन बॅग ठेवली, फोन हातात घेतला. सांगायला कुणी नव्हतं. व्हर्नियर पुसून डबीत ठेवला आणि मालकांच्या लायसनसाठी पोलिसांना द्यायचा अर्ज लिहायला बसले.

अर्जाला जोडलेला तपासणीचा कागद माझ्या अक्षरात आहे: अमेरिकन बनावट, विसाव्या शतकाची पहिली दोन-तीन दशकं, बुडाचा नंबर पॉलिश करताना घासला गेला, कारागिराने मूठ काढून ठेवल्याने आतला नंबर शाबूत. त्याखाली मालकांनी सही केली. पोलिसांनी शस्त्र स्वतः उघडून नंबर पाहिला आणि लायसन मुलाच्या नावावर झालं. कागदाची एक प्रत माझ्याकडे आहे. त्यात माझ्या वडिलांना कारागीर म्हटलं आहे.